अडतीस सेकंदांची शांतता

१

जळकोटच्या उमाशंकर विभुतेला जगात एकाच गोष्टीचा मनापासून आदर होता, तो म्हणजे स्वतःच्या आवाजाचा. बाकी माणसं, जनावरं, सरकार आणि सोयरेधायरे या सगळ्यांकडं तो एकाच नजरेनं बघायचा. ती नजर कशी असते ते सांगायला नको; तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

तुळजापूरच्या एका केबल वाहिनीवर त्यानं अकरा वर्षं बातम्या वाचल्या होत्या. नवरात्रातली गर्दी, पाण्याचे टँकर, हरवलेल्या म्हशी. म्हशीची बातमीसुद्धा तो इतक्या गंभीर सुरात वाचायचा की म्हशीचा मालक टीव्हीपुढं उठून उभा राहावा. पुढं ती वाहिनी बंद पडली आणि एवढा मोठा आवाज घरी बसला. मग पुण्याच्या एका कंपनीकडून त्याला काम मिळालं. जपानी कार्टून मालिका मराठीत आणायची होती. तिचे संवाद मराठीत लिहायचे आणि सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज द्यायचे.

मालिकेचं नाव होतं ‘बर्फाखालचं गाव’. तोमो नावाची एक मुलगी आणि तिचा आजा एका गावात राहतात. गाव छपरापर्यंत बर्फात बुडालंय. एवढंच. उमाशंकरनं पहिला भाग पाहिला आणि तो मोठ्यानं हसला. डोळे बशीएवढे, नाक जवळजवळ नाहीच, तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं. एका भागात तर सव्वातीन मिनिटं कुणी काही बोलतच नाही, फक्त बर्फ पडत राहतो. असलं बघायला बसणारी जनता आणि खुंट्याला बांधलेली जनावरं यांत त्याला फरक दिसेना. काम मात्र त्यानं घेतलं, कारण आज्याचा आवाज त्याला मिळणार होता.

घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. त्याचे वडील वीरप्पा हायवेला किराणा दुकान चालवायचे, तेव्हा जादा माल तिथं पडायचा. उमाशंकरनं त्या खोलीच्या चारी भिंतींना आईच्या हातच्या जुन्या वाकळा ठोकल्या, दाराला आतून गादी लावली, मधोमध माईक उभा केला आणि तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. रोज अकरा वाजता तो आत जायचा, कडी लावायचा. बायको महेश्वरी नळदुर्गला शाळेत शिकवायची, ती पाचपर्यंत घरी नसायची. आई शिवकांताबाई बाहेर काहीतरी निवडत बसलेली असायची. तिला सक्त ताकीद होती की भांडं पडता कामा नये.

या धंद्याची एक रीत आहे. कुठल्याच खोलीत पुरती शांतता नसते, खोलीचा म्हणून एक बारीक आवाज असतो. संवाद संपल्यावर एकदम काहीच ऐकू आलं नाही तर कानाला खड्डा लागल्यासारखं होतं. म्हणून काम सुरू करायच्या आधी माईक चालू ठेवून मिनिटभर गप्प बसायचं, रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा आणि नंतर तोच संवादांच्या मधल्या जागांत जोडायचा. प्रत्येक भागाला नवी शांतता भरून घ्यावी, असा नियम आहे. उमाशंकरनं बाराही भागांना एकच तुकडा वापरला. अडतीस सेकंदांचा. बर्फ बघत बसलेल्या अडाण्यांना काय कळणार आहे, असं तो म्हणायचा.

२

मालिका दिवाळीनंतर रोज संध्याकाळी साडेपाचला लागली. वाहिनीवाले उमाशंकरपेक्षाही वरचढ निघाले. शांतता आली की लोक दुसरं चॅनेल लावतात, म्हणून त्यांनी प्रत्येक शांत जागेत बासरी आणि घुंगरं भरली. सव्वातीन मिनिटांचा बर्फ त्यांनी वीस सेकंदांवर आणला आणि पुढं साबणाची जाहिरात लावली. जपानी माणसानं पाहिलं असतं तर त्यानं हाय खाल्ली असती. उमाशंकरला मात्र ते आवडलं. आपण जोडलेली शांतता कुणाच्याच कानावर पडत नाही, याचं त्याला बरं वाटलं. का बरं वाटलं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

शिवकांताबाई रोज टीव्हीपुढं बसायची. तिला त्या गोष्टीतलं काडीचं कळत नव्हतं, पण आज्याचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवायची.

“तुझ्या आप्पांवानी बोलतोय ह्यो,” ती एकदा म्हणाली.

“तो मीच आहे, अव्वा. त्याला अभिनय म्हणतात,” उमाशंकर म्हणाला. आईशीसुद्धा तो बातम्यांतलं मराठी बोलायचा.

वीरप्पा श्रावणात गेले होते, तिसऱ्या सोमवारी. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला होता, तेव्हापासून उजवा पाय ओढत काठीनं चालायचे. त्या सोमवारी शिवकांताबाई गल्लीतल्या बायकांबरोबर जीप करून येडशीला, रामलिंगाच्या दर्शनाला गेली होती. चार वर्षांत ती घर सोडून पहिल्यांदाच दिवसभर बाहेर पडली होती. जाताना उमाशंकरला सांगून गेली होती, “आप्पांकडं ध्यान ठिव.” संध्याकाळी परत आली तर आप्पा बाजेवर, पांघरूण गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले. झोपेतच गेले, असं उमाशंकरनं सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. सोन्यासारखं मरण म्हणाले.

पण लिंगायतांत मयताला निजवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालायची, आणि शेतातल्या खड्ड्यातही तसंच बसतं ठेवायचं. मांडी घालायला म्हणून गुडघे वाकवले, तेव्हा शिवकांताबाईला दिसलं की दोन्ही गुडघे सोलवटलेत. ताजे. तळहातही. झोपेत मेलेल्या माणसाचे गुडघे फुटत नाहीत, एवढं तिला कळत होतं. चार माणसांत ती काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, “हाक मारली व्हती का रं त्यांनी?”

“नाही,” उमाशंकर म्हणाला.

त्यानंतर ती दर महिना-पंधरा दिवसांनी तेच विचारायची. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, सहज. रागानं नाही. तिला फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं आणि ते सांगू शकणारा माणूस घरात एकच होता. उमाशंकर दरवेळी त्याच सुरात नाही म्हणायचा. त्याला आवाजावर ताबा ठेवता यायचा. अकरा वर्षं तेच तर केलं होतं.

३

मार्च महिन्यात पुण्याहून हर्षालीचा फोन आला. ती कंपनीतली ध्वनीचं काम बघणारी मुलगी. मालिका आता डिस्कवर निघणार होती, चार डिस्कची जाड पेटी, वर चित्रं, आत पुस्तिका.

“हे कोण विकत घेणार?” उमाशंकरनं विचारलं.

“घेतात सर. हौशी लोक असतात. मूळ मालिका जशीच्या तशी हवी असते त्यांना. जपानी कंपनीची अटच आहे, एक सेकंद कापायचा नाही आणि संगीत भरायचं नाही. शिवाय टीव्हीवर न दाखवलेला तेरावा भाग फक्त डिस्कवर असणार आहे. तोही तुम्हाला करायचाय. त्यात आज्याचं एकट्याचं सहा मिनिटांचं बोलणं आहे.”

सहा मिनिटं म्हटल्यावर उमाशंकरचा सूर बदलला. तिशीतले बाप्ये कपाटात कार्टूनच्या पेट्या मांडून ठेवतात, या विचारानं त्याला शिसारी आली होती, पण त्या पेट्यांवर पहिलं नाव आपलं असणार, हे ऐकून ती लगेच ओसरली.

तपासणीची डिस्क कुरिअरनं आली. बाराही भाग ऐकून चुका कळवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो खोलीत गेला, कडी लावली, हेडफोन चढवला. पहिला भाग. तोमो उठते, खिडकी उघडते, खिडकीबाहेर नुसता पांढरा बर्फ. इथं टीव्हीवर बासरी होती. आता काही नव्हतं. त्याचीच शांतता होती, वाकळांच्या खोलीतली, कोरडी.

आणि तिच्यात काहीतरी वाजलं.

टक. मग काहीतरी घासल्यासारखं. पुन्हा टक.

लांबून, बारीक. उमाशंकरनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. होतं. त्यानं हेडफोन काढून दार उघडलं. शिवकांताबाई व्हरांड्यात चिंच फोडत बसली होती, विळतीच्या, छोट्या विळीच्या, टोकानं चिंचोके काढून टाकत होती.

“आवाज करू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?” तो म्हणाला.

“आत्ताच बसलेय की रं म्या,” ती म्हणाली.

४

उमाशंकरला स्वतःच्या अकलेवर भारी भरवसा होता, म्हणून त्यानं आधी अकलेचे सगळे दरवाजे वाजवून पाहिले. डिस्क बनवताना काहीतरी बिघडलं असणार. पुण्याच्या पोरांना कामाची अक्कल नाही. मूळ जपानी आवाजातलंच काहीतरी मिसळलं असणार. त्यानं आपल्या संगणकात ठेवलेला अडतीस सेकंदांचा मूळ तुकडा काढून ऐकला. आवाज पूर्ण वाढवून ऐकला. काही नव्हतं. पडद्यावरची रेघ सरळ होती.

म्हणजे चूक पुण्याची. त्याला बरं वाटलं, कारण चूक दुसऱ्याची असली की त्याला नेहमीच बरं वाटायचं. तो पुढचे भाग लावत गेला.

दुसऱ्या भागात तोच आवाज होता, पण जागा निराळी होती. टक, घसट, टक. जरा मोठा. तिसऱ्यात आणखी. हे काही त्याच्या डोक्यात बसेना. तुकडा एकच होता. बारा भागांत शंभर ठिकाणी त्यानंच तो चिकटवला होता. त्यात दोष असेल तर शंभर ठिकाणी तोच दोष हवा, सारखाच, त्याच सेकंदाला. इथं मात्र प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा पुढं आलेला होता. पुढं म्हणजे कुठं, ते त्याला कळत होतं. पहिल्या भागात आवाज दबका होता, खाली माती असल्यासारखा. तिसऱ्यात खाली फरशी आली. शहाबादी फरशीवर लोखंडी टोपणाची काठी वाजली की जो आवाज होतो, तो त्यानं चार वर्षं रोज ऐकला होता आणि रोज त्यावर वैतागला होता.

पाचव्या भागापाशी त्यानं डिस्क बंद केली. जेवला. दुपारी आईनं विचारलं, “तुजं ते कार्टून नव्यानं आलंय म्हणं. त्यात ती बासरी न्हाय ना आता? मला लावून दे की. बासरी लई आडवी येती.”

“तुला नाही कळायचं ते.”

“आज्या बोलतोय तेवढं आयकते.”

“नाही म्हणालो ना.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं तो आवाज ऐकला तर काय होईल, हे मात्र त्याला दिवसभर सुचत राहिलं. हौशी लोकांना ती काठी ओळखू येणार नव्हती. जगात ती ओळखणारं एकच माणूस होतं आणि ते व्हरांड्यात चिंच फोडत होतं.

५

सातव्या भागात तांब्या पडला.

तोमो चुलीपुढं बसलेली, आजा झोपलेला, बाहेर बर्फ, आणि त्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं की पितळेचा तांब्या फरशीवर पडला, गडगडला, भिंतीला लागून थांबला. मग पुन्हा काठी. उमाशंकर बटणाकडं झेपावला. गडबडीत हेडफोनची तार निसटली आणि पुढचा आवाज खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून बाहेर पडला. टक. घसट.

त्यानं बटण दाबून ते बंद केलं, पण दार नीट लागलेलं नव्हतं.

“उमा,” व्हरांड्यातून आईनं विचारलं, “कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“काठी वाजली की रं.”

“टीव्हीतली.”

तिनं हातातलं काम थांबवलं. मग म्हणाली, “उजवा पाय वढत व्हतं कुणीतरी.”

उमाशंकरनं दार लावून घेतलं. आतल्या गादीला पाठ टेकून तो उभा राहिला आणि त्याला प्रथमच वाटलं की ही खोली आपण फार चांगली बंद केली आहे.

चार दिवस त्यानं डिस्कला हात लावला नाही. पाचव्या दिवशी हर्षालीचाच फोन आला. चुकांची यादी हवी होती. पुण्याच्या पोरांना चार शब्द सुनवायची ही संधी होती. “तुमच्या डिस्कमध्ये मागं आवाज येतोय,” तो म्हणाला.

“कुठला, चालण्याचा? आम्हाला तर तो फार आवडला, सर. आम्हाला वाटलं मुद्दाम ठेवलाय. आजा घरात कुठंतरी फिरतोय, असं वाटतं.”

“तुम्हालाही येतो?”

“सगळ्यांनाच येतो. बाराव्या भागात तर अगदी जवळ येतो. शेवटच्या दृश्यात कुणीतरी श्वास घेतं, म्हणजे बोलायच्या आधी घेतो ना तसा, आणि तिथं तुकडा संपतो.” ती पुढं म्हणाली, “तेवढं एक खटकतं. बोलणं कापल्यासारखं वाटतं. म्हणून तेराव्या भागाला जुनी शांतता नको. नवीन भरा. त्याच खोलीत हवी हं सर, दुसरीकडची जुळणार नाही.”

६

आता हे सांगायलाच हवं, कारण उमाशंकर स्वतःहून कधीच सांगणार नाही.

श्रावणातल्या त्या सोमवारी मालिकेच्या कामाचा पहिला दिवस होता. अकरा वाजता तो आत गेला, कडी लावली आणि शांतता भरून घ्यायला गप्प बसला. विसाव्या सेकंदाला बाहेरून हाक आली, “उमा.” हेडफोनमध्ये ती स्पष्ट वाजली. उमाशंकरनं कपाळाला आठ्या घातल्या. मिनिट वाया गेलं होतं. त्यानं नव्यानं सुरू केलं. पुन्हा हाक आली, “उमा, पानी.” त्यानं तिसऱ्यांदा सुरू केलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला सवय लावून ठेवली आहे अव्वानं. दोन घोट पाण्यासाठी माणूस मरत नाही. मग तांब्या पडला. मग काठी. तो हेडफोन लावून बसून राहिला, घड्याळाकडं बघत, मनातल्या मनात चरफडत. शेवटी एकदाची चांगली शांतता झाली. सलग अडतीस सेकंद कसलाही आवाज आला नाही. त्यानं तो तुकडा जपून ठेवला आणि समाधानानं संवाद म्हणायला लागला.

तासाभरानं दार उघडलं, तर दाराला काहीतरी अडलं.

त्या अडतीस सेकंदांत बाहेर इतकं शांत का झालं होतं, ते त्याला तिथं कळलं. त्यानं आप्पांना उचलून बाजेवर नेलं, धोतर नीट केलं, फरशी पुसली, तांब्या भरून ठेवला, पांघरूण घातलं. सगळं व्यवस्थित केलं. गुडघे तेवढे त्याच्या ध्यानात आले नाहीत.

आणि त्या दिवसानंतर तो त्या खोलीत एक क्षणही गप्प बसला नव्हता. प्रत्येक भागाला तोच तुकडा जोडला, त्याचं खरं कारण एवढंच होतं. अडाणी जनता वगैरे नंतर सुचलेलं.

७

त्यानं पळवाटा शोधल्या. गच्चीवर माईक नेला, तर हायवेचे ट्रक आले. महेश्वरीच्या शाळेत रविवारी एक रिकामा वर्ग मिळाला, तिथली शांतता पाठवली. हर्षालीनं कळवलं की जुळत नाही. शेवटी ती म्हणाली, जमत नसेल तर सांगा, आज्याचं बोलणं इथल्या कुणाकडून तरी करून घेऊ. तेवढं मात्र उमाशंकरला सहन झालं नाही. त्याची सहा मिनिटं दुसऱ्या कुठल्या भुक्कड गळ्यातून निघणार होती. भीती आणि अहंकार यांच्यात त्याच्याकडं नेहमी अहंकारच जिंकायचा.

तो बुधवारी अकराला आत गेला. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शिवकांताबाई व्हरांड्यात होती, विळती आणि चिंचेचा ढीग घेऊन. “मिनिटभर काही वाजवू नकोस,” त्यानं सांगितलं. तिनं विळती बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

कडी. हेडफोन. लाल खूण. पडद्यावर सेकंद पळायला लागले.

दहा सेकंद खोलीचा आवाज होता, नुसता. पंधरा. त्याला वाटलं, झालं, काही नाही, उगाच मूर्खासारखे दिवस घालवले. अठराव्या सेकंदाला काठी वाजली. लांब नव्हती. मागच्या भागांत जिथपर्यंत आली होती तिथूनच ती पुढं निघाली होती. टक. पाय ओढला. टक. पडद्यावरची रेघ दर ठोक्याला वर उठत होती, म्हणजे हे त्याच्या डोक्यात नव्हतं, माईकला ऐकू येत होतं. हेडफोन काढावा असं वाटत होतं आणि हात उचलत नव्हता. पंचवीस. तीस. गादी लावलेल्या दाराच्या पलीकडं ती थांबली.

मग श्वास घेतलेला ऐकू आला. बाराव्या भागात इथंच तुकडा संपतो. इथं संपला नाही.

“उमा.”

आवाज चिडलेला नव्हता. तहानलेला होता, एवढंच.

“उमा, पानी दे रं.”

तो बसून राहिला. अडतीस. पडद्यावर अडतीसचा आकडा आला आणि दाराच्या खालच्या बाजूला, अगदी जमिनीलगत, काहीतरी मऊ टेकलं. दार किंचित हललं. कडी वाजली. त्या वाजण्यानं उमाशंकरचं जे काही इतकी वर्षं ताठ उभं होतं ते एकदम कोसळलं. त्यानं हेडफोन ओरबाडून काढला आणि ओरडला, बातम्यांतल्या त्या सुरात नाही, लहानपणी आप्पांच्या हाकेसरशी दुकानाकडं धावताना ओरडायचा तसा.

“आलो आप्पा! आलो! हलू नगा, पडचाल! ह्या खेपंला आलो म्या!”

कडी काढून त्यानं दार बाहेर ढकललं. दाराला काही अडलं नाही. उंबऱ्यात कुणी नव्हतं. बाहेर लख्ख दुपार, कोरडी फरशी, चिंचेचा आंबट वास. भिंतीशी शिवकांताबाई बसली होती, हात तसेच मांडीवर. ती त्याच्याकडं बघत होती.

“कुणाच्या हाकंला वो दिलीस?” तिनं विचारलं.

उमाशंकर उंबऱ्यातच उभा राहिला.

“आप्पा म्हणालास. आन् ह्या खेपंला म्हणालास.” प्रत्येक शब्द तिनं तोंडातल्या तोंडात पुन्हा घोळवला. “म्हंजे मागल्या खेपंला मारली व्हती हाक.”

“अव्वा, त्याचं असं आहे की, रेकॉर्डिंग सुरू असताना…” त्यानं सुरुवात केली. शब्द बरोबर होते, पण आवाज निघत नव्हता. घशातून नुसती हवा आली. अकरा वर्षं ज्या आवाजावर त्यानं जगाला तुच्छ लेखलं, तो आवाज आईपुढं एक ओळ उच्चारायला पुरा पडला नाही.

शिवकांताबाईनं त्याला शिवी दिली नाही. तिचा चेहरा रडवेलाही झाला नाही. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हळूच सरकली, खांद्यावरून मागं गेली, वाकळांच्या त्या अंधाऱ्या खोलीत, आणि तिथं थांबली. मग तिनं दोन्ही हातांनी पदर सारखा करून डोक्यावर घेतला. श्रावणापासून या घरात तिला कुणापुढं पदर घ्यावा लागला नव्हता.

“उबं नगा ऱ्हाऊ,” ती म्हणाली. उमाशंकरला नव्हे. “पाय दुखतुय तुमचा. बसा. त्याला सांगू द्या.”

उमाशंकरच्या मागं खोलीत एकच खुर्ची होती, आत्ताच त्यानं सोडलेली. वाकळा आवाज पिऊन टाकतात म्हणून त्यानंच त्या लावल्या होत्या. तरीही पाठीमागं त्याला ऐकू आलं, काठी भिंतीला टेकवून ठेवल्याचं, आणि मग खुर्चीवर सावकाश भार पडल्याचं.

“सांग,” आई म्हणाली.

तो वळला नाही. वळायची त्याची छाती नव्हती. फरशीकडं बघत तो उभा राहिला.

“पयली हाक मला आयकू आली व्हती,” तो म्हणाला, आणि मागं खुर्ची करकरली, बसलेल्या माणसानं नीट ऐकायला पुढं सरकावं तशी.